मिसलबंद भालेराव काका

जून महिन्यातला तिसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम: एक कट चहा. हजर: मोठे साहेब, त्यांची मुलगी ऋतुजा मॅडम, मी आणि रंगनाथ भालेराव.

हा चहा मोठ्या साहेबांना दंड म्हणून झाला. त्यांच्याच वकिली कचेरीत, त्यांच्याच टेबलासमोर, त्यांच्याच कारकुनानं केला. गुन्हा एवढाच की साहेबांनी एका जुन्या दाव्याचा नंबर सांगितला.

"नंबर सांगू नका साहेब, गोष्ट सांगा," भालेराव काका म्हणाले. "एक चहा झाला तुमच्याकडं."

साहेबांनी हे तीस-पस्तीस वर्षं ऐकलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि सांगितलं की एका विहिरीत म्हैस पडली होती, म्हैस कुणाची यावर वाद नव्हता, पण विहीर कुणाची यावर दोन भाऊ नऊ वर्षं भांडत होते, तो दावा. "मंग तसं म्हणा की," असं म्हणून काका मागच्या खोलीत गेले आणि चिठ्ठी घेऊन परत आले. मी घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद.

ऋतुजा मॅडमनी नव्या संगणकात साहेबांनी सांगितलेला नंबर टाकून पाहिला. संगणकानं दोनच सेकंद घेतले आणि पैठणच्या एका घटस्फोटाचे कागद दाखवले. साहेबांना नंबर चुकीचा आठवला होता. म्हैस बरोबर आठवली होती.

गंमत अशी की ती बैठक काकांची खोली रिकामी करण्यासाठी बोलावलेली होती.

आमची कचेरी अदालत रोडच्या मागच्या गल्लीत आहे. सात वकील, तीन टायपिस्ट, एक भालेराव काका, आणि हिशेब व बाकी सगळं बघणारा मी, जाधव. मला इथं एकोणीस वर्षं झाली, काकांना अडतीस. काका सहासष्ट वर्षांचे आहेत. उंची पाच फूट तीन इंच, वजन माझ्या अंदाजानं पन्नास किलो, आणि त्यातलं किलोभर शर्टाच्या खिशाचं. खिशात एक निळं पेन, एक लाल पेन, एक पेन्सिल आणि एक छोटी कात्री.

कात्री लग्नपत्रिकांसाठी. ज्या वकिलाकडे एखाद्या घराचा दावा अकरा-अकरा वर्षं चालतो, तो त्या घरातलाच होऊन जातो आणि त्या घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका त्याच्याकडे येते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दोन दोन गठ्ठे जमतात. काका प्रत्येक पत्रिका आधी नीट वाचतात, मग तिचे चार सारखे तुकडे करतात आणि कोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या लिहितात. मी आल्यापासून चिठ्ठ्यांसाठी कचेरीनं एक रुपयाचाही कागद विकत घेतलेला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

प्रत्येक चिठ्ठीवर एका दाव्याची गोष्ट असते. पाच-सहा ओळी. कोण कुणाशी भांडलं, कशावरून, आपण काय म्हणालो, समोरच्यानं काय म्हटलं, कोर्टाला काय पटलं. उलट्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा पाव भाग. बांधावरून कुऱ्हाड निघालेल्या एका खटल्याच्या पाठीवर छापलेलं आहे, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!"

या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत असतात. खोकी एका बूटवाल्या अशिलानं दिली. एकूण एकशे त्रेचाळीस, मी मोजली आहेत. ती वर्षानुसार लावलेली नाहीत, कायद्यानुसार नाहीत, कोर्टानुसार तर नाहीतच. खोक्यांची नावं अशी: "म्हैस व इतर जनावरं", "भिंत", "विहीर", "सही माझी नाय", "साक्षीदार फिरला", "तारीख चुकली", "जावई". जावई एका खोक्यात मावले नाहीत, त्यांना चार लागली.

चिठ्ठी मागायची तर नियम दोन. पहिला, मागणाऱ्यानं त्याच दिवशी खालच्या टपरीवर काकांना एक कट चहा पाजायचा. दुसरा, आपलं काम संपलं की आपण काय शिकलो ते एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून आणून द्यायचं. पहिला नियम सगळे पाळतात. दुसऱ्याच्या वेळी वकील मंडळींना अचानक कोर्टात काम निघतं. मग काका चिठ्ठी आणि पेन घेऊन त्यांच्या स्कूटरजवळ उभे राहतात. एका वकिलानं त्यासाठी सहा महिने स्कूटर दुसऱ्या गल्लीत लावली. सातव्या महिन्यात त्याला "भिंत" हवी होती. काकांनी आधी जुन्या चार चिठ्ठ्या लिहून घेतल्या.

काकांचा एक खास शब्द आहे, मिसलबंद. मिसल म्हणजे दाव्याची फाइल. आमच्या भागात निजामाच्या काळापासून हाच शब्द आहे. सगळे कागद क्रमानं लावले, सुईदोऱ्यानं शिवले, वर यादी लावली की ती मिसल बंद झाली. काकांनी हा शब्द कचेरीबाहेर काढून सगळ्या जगाला लावला आहे. जेवण झालं का? मिसलबंद. दाढ काढली का? मिसलबंद. साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात तोंडं पाडून उभे होतो. काका डॉक्टरांना भेटून आले आणि म्हणाले, "चार शिरा बदलून मिसलबंद केलंय. घाबरू नगा."

मी मुकुंदवाडीत राहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी भाजीला निघालो की मुकुंदवाडी स्टेशनवर मला काका दिसतात. बरोबर काकू, एक कापडी पिशवी आणि एक स्टीलचा डबा. काका काकूंना जालन्याच्या गाडीत खिडकीशी बसवतात, डबा त्यांच्या मांडीवर देतात, खाली उतरतात आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे राहतात. मग एकटेच परत फिरतात. पहिल्यांदा मी विचारलं होतं, तुम्ही नाही गेलात? "काम लई हाय," ते म्हणाले. रविवारी कचेरी बंद असते, आणि हे ते हजेरीपत्रक ठेवणाऱ्या माणसालाच सांगत होते. मी धरून चाललो की त्यांना प्रवास झेपत नसावा.

आता त्या एका वेगळ्या खोक्याबद्दल. सगळ्या खोक्यांवर निळी अक्षरं आहेत, या एकावर लाल. शब्द एकच: हार. एका दसऱ्याला नव्या टायपिस्टनं पूजेतून उरलेला झेंडूचा हार त्यात नेऊन ठेवला आणि दिवसभर काकांची बोलणी खाल्ली. कारण त्या खोक्यात हरलेले दावे आहेत. त्या चिठ्ठ्यांवर एकच सवाल असतो, कशानं हरलो.

हा सवाल ऐकायला कुठल्याच वकिलाला आवडत नाही. काका तो निकालाच्याच दिवशी विचारतात. साहेब एकदा फार मोठा दावा हरले. काळा कोट तसाच अंगावर ठेवून ते गाडीत बसले आणि काच वर केली. काकांनी काचेवर टकटक केलं. साहेबांनी मान फिरवली. काका दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडून टकटक केलं. मी शेजारच्या सीटवर होतो, मला कुठं बघावं कळेना. शेवटी काच खाली आली.

"गरम हाय तवर सांगा साहेब," काका म्हणाले. "उद्या तुम्ही जजाच्या नावावर घालाल."

साहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "साक्षीदाराला पाचवा प्रश्न विचारला. चारवर थांबायला हवं होतं."

चिठ्ठीवर काकांनी फक्त "पाचवा प्रश्न" लिहून खाली साहेबांची सही घेतली. आज आमच्याकडचा कुठलाही नवा वकील उलटतपासात लांबायला लागला की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "पाचवा" म्हणतं आणि तो खाली बसतो. या एका चिठ्ठीनं किती दावे वाचले ते मला आकड्यात मांडता येत नाही. मला आकड्यात मांडता न येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

हे खोकं मी कचेरीत आल्यानंतरच सुरू झालं, अकरा-बारा वर्षांपूर्वी. त्याआधी काकासुद्धा हरलेल्या मिसली शिवून गुपचूप माळ्यावर टाकायचे.

तर जूनमधली ती बैठक. ऋतुजा मॅडम पुण्याला एका मोठ्या कचेरीत तीन वर्षं काढून परत आल्या होत्या. हुशार मुलगी, आणि स्वभावानं सरळ. त्यांनी सगळ्या जुन्या फाइली संगणकात घेतल्या. पुण्याच्या ज्या कंपनीनं ते काम केलं, तिला फोनवर सूचना द्यायचं काम काकांवर आलं. काका त्यांना तीन-तीनदा सांगत राहिले की सगळ्या मिसली नीट लावा, एकही मिसल गहाळ होता कामा नये. पलीकडच्या मुलीनं ऐकलं तसं लिहिलं. त्यामुळे आजही आमच्या संगणकाच्या पडद्यावर वर मोठ्या अक्षरांत "मिसळ शोधा" असं येतं. खाली "प्रलंबित मिसळ", "निकाली मिसळ" आणि "एकूण मिसळ ४,२१८". दुरुस्तीचे कंपनीनं आठ हजार सांगितले. मी नाही म्हटलं. काकांनी पडदा पाहून एवढंच विचारलं की पाव वेगळा घ्यायचा का.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. काकांची खोली रिकामी करण्याचा प्रस्ताव माझा होता. खोली बारा बाय दहा. तिथं दोन वकिलांची टेबलं बसतात. मी दोन टेबलांचं उत्पन्न एका बाजूला आणि बुटांची एकशे त्रेचाळीस खोकी दुसऱ्या बाजूला मांडली, बेरीज केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. ठरलं असं की दिवाळीला काकांना सन्मानानं निवृत्त करायचं आणि खोकी रद्दीत द्यायची. सगळं संगणकात आहेच.

काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मला विचारलं, दिवाळीला दिवस किती. मी मोजून सांगितलं, एकशे चाळीसच्या आसपास.

"खोकी एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "रोजचं एक धरलं तर तीन ऱ्हातेत. एखांद्या रविवारी येतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज एक खोकं खाली काढून पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत वाचायला सुरुवात केली. मधूनच खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. मी हिशेबाचं काम करत असायचो. बेरीज दोनदा चुकली.

जुलैच्या शेवटी वैजापूरहून सुमनबाई आल्या. पन्नाशीच्या, धान्याच्या मोंढ्याजवळ बारदान्याचं दुकान. रिकाम्या पोत्यांचा व्यवहार नवरा बघायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला, आता त्या आणि दोन मुली बघतात. दिरानं एक कागद काढला होता. शंभराच्या स्टॅम्पवर, आपसात झालेल्या वाटणीची यादी. तारीख नवरा जिवंत असतानाची, खाली नवऱ्याची सही, आणि यादीत दुकान दिराचं. सही हुबेहूब. ते दुकान गेलं तर त्या तिघींना दुसरं काही नव्हतं.

ऋतुजा मॅडमनी संगणकात "वाटणी" टाकलं. पडद्यावर आलं, "४१२ मिसळ सापडल्या." सुमनबाईंनी ते वाचलं आणि हळूच मला विचारलं, "हॉटेलबी हाय का तुमचं?"

चारशे बारा फाइली वाचायला किती दिवस लागतील हे मी मनात मांडत होतो. तेवढ्यात ऋतुजा मॅडम स्वतःच उठल्या आणि काकांना बोलावून आणलं. काका त्या दिवशीच्या खोक्यासह आले आणि बाईंसमोर बसले. बाईंनी पिशवीतून कागद काढून गट नंबर, मालमत्ता नंबर, मृत्यूच्या दाखल्याचा नंबर वाचायला सुरुवात केली.

"बाई, नंबर ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "गोष्ट सांगा. कागद तुमाला पयल्यांदा कुठं दाखवला?"

बाईंनी सांगितलं. वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर, दिराच्या ओट्यावर. दिरानं कागद हातात दिलाच नाही. फोटो दाखवतात तसा दोन हातांत धरून समोर केला आणि लगेच घडी घातली. मागितला तेव्हा झेरॉक्स दिली, तीही एका बाजूची.

काका खुर्चीत पुढे सरकले. "पाठ दावली का कागदाची?"

"नाय बा. पाठीला काय ऱ्हातंय?"

काका उठले. या वेळी मी घड्याळ लावलं नाही. ते "हार" खोक्यातली एक चिठ्ठी घेऊन आले आणि ऋतुजा मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "कशानं हरलो: तीन वर्षं कागदाची पुढची बाजू वाचली. सही खोटी म्हणत बसलो. पाठीवर स्टॅम्प विकणाऱ्याचा शिक्का होता, नंबर होता. त्याची विक्रीची वही मागवायला उशीर केला. तोवर तो वारला. वही सापडली नाही." खाली सही मोठ्या साहेबांची.

साहेब दारात उभे होते. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "पप्पा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं?" साहेब म्हणाले. "भालेरावांशिवाय?"

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्याच तारखेला आम्ही मूळ कागद दोन्ही बाजूंनी पाहायला मागितला आणि स्टॅम्प विकणाऱ्याची वही मागवली. विकणारा जिवंत होता, वहीही होती. पाठीवर जो नंबर होता, त्या नंबराचा स्टॅम्प वहीप्रमाणे सुमनबाईंचा नवरा वारल्यानंतर पाच महिन्यांनी विकला गेला होता. गेलेल्या माणसानं पाच महिन्यांनी येऊन सही कशी केली, असं आम्ही दिराला विचारलं. चौथ्या तारखेला त्यानं कागद मागं घेतला आणि दुकानावर आपला काही हक्क नाही असं लिहून दिलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुमनबाई पेढे घेऊन आल्या. बरोबर थोरल्या मुलीची लग्नपत्रिका. पहिली पत्रिका त्यांनी काकांना दिली. काकांनी नेहमीसारखी ती उघडली, मागून पुढून पूर्ण वाचली, मानेनं होकार दिला आणि खिशात ठेवली. कात्री काढली नाही. मला ते जरा विचित्र वाटलं, पण पेढे वाटायचे होते.

त्याच आठवड्यात साहेबांनी माझा प्रस्ताव परत केला. वर लिहिलं होतं, "जाधव, बेरीज बरोबर आहे. कागदाची पाठ वाचली नाही." खोली राहिली. काका राहिले. दोन वकिलांची टेबलं मी जिन्याखालच्या जागेत बसवली, तिथं नऊ इंच कमी पडतात, पण वकील बारीक आहेत. ऋतुजा मॅडमनी ठरवलं की सगळ्या चिठ्ठ्याही संगणकात घ्यायच्या, आणि शोधायचे शब्द काकांच्याच खोक्यांचे ठेवायचे. आता आमच्याकडे "जावई" असं टाकलं की खरोखरच सगळे जावई येतात. काकांनी एकच अट घातली, संगणकाला चिठ्ठी दिली तरी चहा माणसानंच पाजायचा.

चिठ्ठ्यांचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. टायपिस्ट फक्त लिहिलेली बाजू घेत होता. मी म्हटलं, दोन्ही बाजू घ्या. नुकतंच शिकलो होतो.

"हार" खोकं मी स्वतः करायला घेतलं. चिठ्ठ्या दोनशे बारा. पालथ्या करत गेलो तर लक्षात आलं की बाकीच्या खोक्यांत दर चिठ्ठीला वेगळं लग्न आहे, यात सगळीकडे एकच. पिवळसर जाड कागद, कोपऱ्यात पिंपळाचं पान. एकीवर "आयु. कवि", दुसरीवर "ता हिचा मंगल परि". मी चार तुकडे जुळवले. आयु. कविता, रंगनाथ भालेराव यांची कन्या. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली तारीख. दोनशे बारा चिठ्ठ्या म्हणजे त्रेपन्न पत्रिका. पाचशे छापल्या असतील तर चारशे सत्तेचाळीस अजून कुठंतरी होत्या. आणि काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला कधी आलेली नव्हती.

खोक्याच्या तळाशी एक पत्रिका न कापलेली होती. कोऱ्या बाजूवर लाल शाईत: "भालेराव वि. भालेराव. कशानं हरलो: पत्रिका वाटायच्या आठ दिवस आधी पोरगी म्हणाली, हे लग्न नको, एक मुलगा पाहिलाय. मी विचारलं पगार किती, वय किती, जमीन किती. ती सांगत होती ते कसे भेटले. मी आकडे विचारत राहिलो. ती गेली. गोष्ट ऐकून घेतली नाही."

ती चिठ्ठी मी संगणकात घेतली नाही.

पण वाचली होती, म्हणजे चहा माझ्याकडे लागत होता. मी काकांना खाली टपरीवर नेलं आणि दोन कट सांगितले. काकांनी माझा चेहरा पाहून ओळखलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की ती जालन्याला असते, शाळेत शिकवते, नातू तिसरीत आहे. काकू दर महिन्याला जातात. डब्यात पुरणपोळ्या असतात, त्या तिला आवडतात म्हणून पुरण काका स्वतः वाटतात. स्वतः कधी गेले नाहीत. तिनं बोलावलं नाही असं नाही. काय तोंडानं जायचं ते कळलं नाही.

मी विचारलं, अजून मुदत आहे का.

"बारा वर्षं झाली, जाधवराव," काका म्हणाले. "बारा वर्षांनी जमिनीवरचा हक्कबी जातो. सायबाला इचारा."

"झाली नाहीत," मी म्हणालो. "पत्रिकेवर तारीख आहे. अकरा वर्षं पाच महिने. मी मोजलंय."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. "म्हंजी सात महिने ऱ्हायले म्हणता."

"सात महिने. आणि काकूंचं जाणं-येणं चालू आहे, डबा जातोय. म्हणजे हक्क कुणी सोडलेला नाही."

ते हसले. हिशेबाच्या माणसानं कायदा सांगावा याचं त्यांना हसू आलं असावं. त्यांनी तो चहा अर्धा तसाच ठेवला, ही माझ्या एकोणीस वर्षांतली पहिली वेळ.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम लवकर निघालो. काका, काकू, कापडी पिशवी, स्टीलचा डबा. जालन्याची गाडी आली. काकांनी काकूंना खिडकीशी बसवलं, डबा मांडीवर दिला, आणि उतरले नाहीत. समोरच्या बाकावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, शर्टाला कडक इस्त्री, खिशात पेनं. कात्री नव्हती. गाडी हलली तेव्हा काकूंनी खिडकीतून मला पाहिलं आणि पदरानं तोंड झाकून हसल्या. त्या दिवशी मी भाजी घ्यायला विसरलो. घरी सांगताना बटाटे महाग होते असं सांगितलं. ते खोटं होतं.

सोमवारी साडेदहाला काकांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. पिवळसर जाड कागद, कोपऱ्यात पिंपळाचं पान. लाल शाई नव्हती, निळी होती.

"भालेराव वि. भालेराव. म्हणालो, गोष्ट सांग. कसे भेटलात तिथपासून सांग. तिनं सांगितली. पावणेदोन तास. मधे बोललो नाही. जावई बरा आहे."

"मिसलबंद?" मी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "चालू ठिवलीय. पुढच्या रविवारची तारीख हाय."

खाली आणखी दोन ओळी होत्या. घरी तिनं चहा टाकला होता, पण गोष्ट काकांनी मागितली होती आणि नियम तो नियम, म्हणून ते तिला कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेले होते. मी ती नोंद जशी होती तशी वहीत उतरवून घेतली. रक्कम: एक कट चहा. देणार: रंगनाथ भालेराव. घेणार: आयु. कविता.